आधी पंखा बंद करायचा

आमच्या घरात मोठ्या तोंडाचा एक हिरवा थर्मास होता. त्यातून कधी कुणी चहा प्यायलं नाही. तो बर्फासाठी होता, आणि बर्फ मेलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी. एकदा माझ्या मामीने कुणाला न विचारता त्यात लिंबाचं सरबत केलं, सगळ्यांना वाढलं, आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावर नानांनी शांतपणे थर्मास कशासाठी आहे ते सांगितलं. डोळे बंद बाटलीत असतात, बाटली बर्फात असते, थर्मास दर वेळी उकळत्या पाण्याने धुतला जातो, हेही सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. मामी पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे पाणीसुद्धा आधी तांब्यात वाकून बघून प्यायची.

नाना म्हणजे माझे वडील. येवल्याच्या बाजूच्या एका खेड्यातले, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेले पहिले. मातीचं शास्त्र शिकले आणि नाशकात माती तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागले. दिवसा शास्त्रज्ञ, संध्याकाळी कॉलनीतल्या दहावीच्या मुलांचे बिनपगारी मास्तर आणि रविवारी नेत्रदानवाले. "मग नवरा आणि बाप कधी?" असं आई विचारायची. "उरलेल्या वेळात," असं म्हणून ते हसायचे. त्यांचं हसणं गोड होतं, त्यामुळे भांडण तिथेच संपायचं. उरलेला वेळ मात्र मी माझ्या वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शोधत होते.

लोक त्यांच्याबद्दल अजूनही फार चांगलं बोलतात. बाजारात कुणी अनोळखी गृहस्थ हात जोडतो, तुमच्या वडलांमुळे मी शिकलो म्हणतो, डोळे पुसतो. मीही बरं वाटल्यासारखं करते. खरं सांगायचं तर मला आता त्याचा शीण येतो. हे लिहायला बसले आहे ते त्यांचा मोठेपणा सांगायला नाही, तो सांगणारे भरपूर आहेत. मला एका सकाळबद्दल सांगायचंय. ती कळायला आधीची थोडी वर्षं सांगावी लागतील, म्हणून सांगते.

मातीचं काम त्यांना मनापासून आवडायचं. चांदवड, येवला, लासलगावकडचे शेतकरी पिशव्यांतून माती घेऊन यायचे. नानांचं सांगणं असं, की शेतात दहा ठिकाणी खड्डा करा, प्रत्येकातली मूठभर घ्या, सगळी कालवा आणि त्यातली अर्धा किलो मला द्या. लोक मान डोलवायचे आणि आणायचे ती शेतातली सगळ्यात देखणी माती. उकिरड्याजवळची, काळी, भुसभुशीत, वर चाळून घेतलेली. एकाने तर धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून आणली होती. पाण्याने चोपण झालेला, मीठ फुटलेला तुकडा दाखवायला कुणी तयार नसे, कारण साहेबाला तसलं काय दाखवायचं! मग नाना एसटी धरून स्वतः त्या शेतावर जायचे आणि नेमका तोच पांढरा तुकडा शोधून त्यावर उकिडवे बसायचे. "नमुना खोटा दिला तर उपायही खोटाच मिळणार," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे मला बघायला पाहुणे यायला लागले तेव्हा मी तेच मनात म्हणत चहाचा ट्रे घेऊन बाहेर जायचे. स्थळं जुळली नाहीत ती त्यामुळेच, असं आईचं मत होतं.

प्रयोगशाळेत जागा पुरायची नाही, म्हणून रविवारी माती आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रांवर वाळत पडायची. घरात पायाखाली सदा कचकच. आई दिवसातून तीनदा झाडायची, आणि एकदा तिने झाडता झाडता दोन शेतकऱ्यांची माती एकात एक केली. नाना त्यावर रागावले नाहीत. निमूटपणे चप्पल घालून चांदवडच्या एसटीला गेले, दोन्ही शेतांतून पुन्हा माती आणली आणि संध्याकाळच्या वर्गाच्या आत परत आले. ते रागावले असते तर आईला बरं वाटलं असतं. तिनेच मला तसं सांगितलं.

वर्ग आमच्या ओट्यावरच भरायचा. एकदा भिंगाचा धडा आला तेव्हा नानांनी खाटकाकडून बोकडाचे चार डोळे आणले, आईच्या स्टीलच्या वाटीत ठेवले आणि ब्लेडने कापून मुलांना आतलं मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, काचेसारखं भिंग वर्तमानपत्राच्या अक्षरांवर धरून दाखवलं. अक्षरं मोठी दिसली. मुलं ओरडली. दोघं ओकली. आईने ती वाटी परत घरात घेतली नाही, आणि आठ दिवस आमच्याकडे मटण शिजलं नाही. पण त्या वर्षीच्या मुलांना विचारा, डोळा कसा असतो ते अजून पाठ असेल.

डोळ्यांचं वेड त्यांना त्यांच्या आईवरून लागलं. बाजरी कापताना तिच्या डोळ्यात कणसाचं कुसळ गेलं होतं. गावातल्या कुणी त्यात पाल्याचा रस पिळला. डोळ्यात फूल पडलं. पुढे दुसराही तसाच गेला. मी तिला पाहिलं ते चाचपडतानाच. ती वारली, आणि त्यानंतर काही वर्षांनी नाना कुठल्याशा व्याख्यानाला गेले तेव्हा त्यांना कळलं, की बुबुळावरचा फूल पडलेला पडदा काढून मेलेल्या माणसाचा चांगला पडदा तिथे बसवता येतो. त्या दिवशी ते जेवायला बसले आणि ताटावरून उठून गेले. "आईला दिसलं असतं," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी फॉर्मचा गठ्ठा आणला, आणि आमचे रविवार संपले.

त्यांची काम करायची एक रीत होती. कुणी गेल्याचं कळलं की सायकल काढायची आणि तिथे जाऊन आधी डोळ्यांचा विषयच काढायचा नाही. बांबू आणायला कुणी नसेल तर बांबू आणायचे, म्हातारीला पाणी द्यायचं, लहान मुलांना शेजारी नेऊन बसवायचं. मग घरातलं निर्णय घेणारं माणूस कोण हे हेरून त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसायचं. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्यातला एखादा तास ते नुसते बसण्यात घालवायचे. "घाई केली की माणूस नाही म्हणतो," असं ते सांगायचे. दहा घरी बसले तर एका घरी होकार मिळायचा. बाकीच्या नऊ घरी शिव्या. पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल, असं लोक म्हणायचे. आमच्या लोकांनी धर्म बदलून वर्षं झाली होती, पुढचामागचा जन्म आम्ही मानत नाही असं सभेत सांगायचे, पण मढं दारात असलं की म्हाताऱ्या कुजबुजायच्याच.

याचा परिणाम असा झाला की नानांना आजाऱ्याला भेटायची सोय राहिली नाही. ते दारात दिसले की आजारी माणसाचं उरलंसुरलं बळ जायचं. कॉलनीतले एक निवृत्त हवालदार तापाने पडले होते, नाना मोसंबी घेऊन गेले, तर ते पांघरुणातून म्हणाले, "मास्तर, माझं अजून लय बाकी हाय. तुम्ही दिवाळीनंतर या." नानांनी हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगितला. आई मात्र हसली नाही. तिला बायका हळदीकुंकवाचं, बारशाचं बोलावणं द्यायला कचरायला लागल्या होत्या, आणि त्याची कारणं तिला न सांगता कळत होती.

घरी जेवताना नाना मला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. माणूस गेलं की काय करायचं? आधी पंखा बंद करायचा, वाऱ्याने डोळे सुकतात. पापण्या मिटायच्या. त्यावर ओला कापूस ठेवायचा. डोक्याखाली उशी द्यायची. मग फोन. मी घास गिळत गिळत म्हणायचे. आई तेवढ्यात भाकरी टाकायला उठायची. त्यांच्या नेत्रदानाच्या नोंदवहीत पहिलाच फॉर्म नानांचा स्वतःचा होता, आणि त्यावर जवळच्या नातेवाइकाची संमती म्हणून आईची सही होती. "माझ्या वेळी रडत बसू नका. रडायला पुढे जन्म पडलाय, डोळ्यांना सहा तासच आहेत," असं ते म्हणायचे. त्यांना आयुष्यात स्वतःसाठी काही मागताना मी पाहिलं नाही. एवढं एकच मागितलं होतं.

मी सतरा वर्षांची असताना एकदा निरोप आला तशी एसटीने त्यांच्याबरोबर लासलगावला गेले. माझं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म मी लिहायचे. कांद्याच्या मार्केटात एक तरुण हमाल होता, त्याची बायको बाळंतपणात गेली होती. ट्रॅक्टरच्या रांगेपलीकडे त्यांची खोली होती, सगळीकडे कांद्याचा वास. नाना त्याच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "सायेब, तुम्ही कशापायी आलाय ते मला ठाव हाय. घ्या." त्याचा थोरला भाऊ उठला. मोठा, रुंद माणूस. त्याने धाकट्याला काही म्हटलं नाही, नानांना म्हणाला, "लोकांच्या बायकांचं डोळं नेता. तुमच्या घरचं कुणी मेलं की बघू." मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "तिला भोकं पडलेलं तोंड घेऊन वाटंला लावतो व्हय रं? आजपासून तू माझा कोणी नाय." आणि तो निघून गेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर जीपने आले, त्यांनी काम केलं. मी बाहेर तोंड फिरवून उभी होते. परत येताना थर्मास माझ्या मांडीवर होता. घरी पोचेपर्यंत मी नानांशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या हमालाचा भाऊ त्याच्याशी पुढे खरंच बोलला नाही. हा धाकटा वर्षातून एकदा तरी आमच्याकडे कांदे घेऊन यायचा आणि ओट्यावर बसून तेवढंच सांगायचा. "आजून बोलत नाय तो." नाना त्याच्या पाठीवर हात ठेवायचे.

मग नाना पडले. कचेरीतच, मातीच्या पिशव्या लावताना. उजवी बाजू तर गेलीच, बोलणंही गेलं. पुढचे आठ महिने ते आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर होते. मी तेव्हा एका शाळेत कारकून होते. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, चादर धुवायला टाकायची, शाळेत जायचं, आल्यावर पुन्हा तेच. रविवारीही तेच. भेटायला येणारे सुरुवातीला पुष्कळ होते. नंतर सणावाराला. तक्रार करत नाही, लोकांनाही त्यांची घरं असतात, पण आठव्या महिन्यात घरात आम्ही तिघंच होतो.

त्यांचे डोळे तेवढे चांगले होते. हो म्हणायचं तर एकदा मिटायचे, नाही तर दोनदा. पाणी हवं असलं की माठाकडे बघायचे. आणि बाकी सगळा वेळ आईकडे बघायचे. ती स्वयंपाकघरात गेली की दाराकडे, परत आली की तिच्या चेहऱ्याकडे. पहिले काही दिवस ती अवघडली. मग ती त्यांच्याशी बोलायला लागली. भाजी महागली, नळाला पाणी कमी आलं, शेजारणीची सून रुसून माहेरी गेली. सव्वीस वर्षांचं साठलेलं. ते ऐकत राहायचे, कुठे जायची घाई नव्हती. एक दिवस शाळेतून आले तर आई घरातल्या घरात ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून त्यांना पेज भरवत होती. मला बघून लाजली. पन्नाशीची बाई. मी चादरी भिजवायला घेतल्या.

मधल्या काळात एकदा मी नोंदवही झटकून पुन्हा फळीवर ठेवत होते तेव्हा नाना वहीकडे बघत राहिले. मी जवळ जाऊन विचारलं, "तुमचा फॉर्म? तसंच करायचं ना?" त्यांनी डोळे एकदा मिटले. सावकाश, मला नीट दिसावं असे. आई तेव्हा पायथ्याशी बसून त्यांच्या पायाला तेल लावत होती. तिने वाटी उचलली आणि आत गेली.

ते गेले ते चैत्र संपता संपता, सकाळी सातच्या सुमाराला. आईने दोन चमचे चहा भरवला, "थांबा, पुसते," म्हणाली, हनुवटी पुसली, आणि मग तशीच हात धरून थांबली. मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

मी रडले नाही. उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. हात आपोआप गेला, इतक्या वर्षांचा पाढा होता. पंखा थांबला तसा घरभर बाहेरचा आवाज आला, नळावरच्या बादल्या, कुणाचा तरी रेडिओ. आई उठली, बटणापाशी गेली आणि तिने पंखा पुन्हा लावला.

"त्यांना उकडतं," ती म्हणाली.

"आई, डोळे सुकतात वाऱ्याने."

"माहीत आहे मला."

तिने दाराला कडी घातली आणि परत खाटेवर येऊन बसली. नानांचे डोळे उघडेच होते. ती ते मिटत नव्हती. मी म्हटलं, "मी फोन करून येते." ती म्हणाली, "गावाला कर. तेवढाच कर. आणि आत्ता नको, थोड्या वेळाने."

"तू सही केली होतीस."

"केली होती. तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते."

ती नानांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता बोलत होती, आवाज न चढवता, दुधाचा हिशेब सांगावा तशी. "सव्वीस वर्षं हे डोळे मातीवर होते, नाहीतर मढ्यांवर. आठ महिने माझ्यावर होते. बाकी सगळं लोकांना दिलं, मी कधी अडवलं का? हे मी देणार नाही. तुला जायचं तर जा. मी कडी काढते."

ती खरंच उठली आणि तिने कडी काढली. मग पुन्हा येऊन बसली. दार नुसतं लोटलेलं होतं.

मी गेले नाही. लोक म्हणायचे पोरगी बापावर गेली आहे, आणि मलाही ते आवडायचं. नानांचं मागणं एकच होतं, ते मला तोंडपाठ होतं, आणि मी भिंतीला टेकून बसून राहिले. आईची दया आली म्हणून, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला इतकी वर्षं लागली. मी दमले होते. फोन केला की डॉक्टर येणार, ओळखीचे डॉक्टर बदलून गेलेले, म्हणजे नव्या माणसाला सगळं सांगायचं, बर्फ आणायचा, थर्मास धुवायचा, आईला धरून आत न्यायचं, आणि हे सगळं मीच करायचं. माझ्याने उठवलं नाही. एवढंच होतं ते. मोठं काही नव्हतं.

नऊ वाजता मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. येवल्याला मामाच्या ओळखीच्या दुकानात फोन लावला, निरोप दिला. औषधवाला नानांच्या पहिल्या वर्गातला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रिसीव्हर माझ्या हातातच होता. त्याने विचारलं, "दवाखान्यात कळवलं ना, ताई?" अजून चार तास होते.

"कळवलं," मी म्हणाले.

म्हणजे खोटं पहिल्यांदा बोलले ती मी. आई नंतर बोलली.

परत आले तोवर आईने पापण्या मिटल्या होत्या आणि त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवले होते. शेजारपाजारचे आले. कापूस बघून सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. कुणी विचारलंच नाही. दुपारी गावची माणसं आली, मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, आणि तिसऱ्या प्रहरी नानांना नेलं. मी मध्ये मध्ये घड्याळाकडे बघत होते. एक वाजून गेला तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं, आणि बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी लासलगावचा तो हमाल आला. एसटी स्टँडवर कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. ओट्यावर न बसता तो आत आला आणि आईच्या पायाशी बसला. म्हणाला, "आक्का, सायबांचं डोळं दिलं ना?"

आईने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही खरं सांगेल, तिचा स्वभाव तसाच होता, एक घाव दोन तुकडे. पण त्याचा चेहरा तिने पाहिला. आठ वर्षं भाऊ गमावून बसलेला माणूस.

"दिले," आई म्हणाली.

त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि जाताना दारात थांबून मला म्हणाला, "मी भावाला सांगतो जाऊन. बोलत नाय, पर ऐकंल." मी मान हलवली.

पाचव्या दिवशी विहारात जलदानाचा विधी आणि त्याला जोडूनच शोकसभा झाली. विहार भरला होता. ओट्यावरच्या वर्गातली मुलं आता बापे झालेली, कचेरीतली माणसं, पिशव्या घेऊन आलेले शेतकरी. बोलणाऱ्यांनी नानांना शास्त्रज्ञ म्हटलं, शिक्षक म्हटलं, सेवक म्हटलं. एकाने सांगितलं की जन्मभर दुसऱ्यांना जे सांगितलं ते या माणसाने शेवटी स्वतः करून दाखवलं. लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मला तिथून उठून घरी जाऊन झोपायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, फॉर्म आहेत का, आम्हालाही भरायचे आहेत. घरून गठ्ठा आणवला. टेबल आलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं, आणि रांग लागली. नाना असताना अशी रांग कधी लागली नव्हती.

मी लिहीत गेले. नाव, वय, पत्ता. नाव, वय, पत्ता. मान वर न करता. आई माझ्या शेजारीच पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसली होती. मग टेबलापुढे एक रुंद सावली आली आणि थांबली. तो हमालाचा थोरला भाऊ होता. केस पिकले होते. धाकटा त्याच्या मागे चार पावलांवर उभा होता, पुढे यायला धजत नसल्यासारखा.

"माझं लिव्हा," तो म्हणाला. "मला वाटायचं, हे लोक दुसऱ्याचं नेत्यात, सोताचं देनार नाय. सायबांनी दिलं. मंग काय बोलायला जागा ऱ्हायली नाय."

मी त्याचं नाव लिहिलं. वय त्याला नक्की सांगता येईना, अंदाजे लिहिलं. त्याने अंगठा पुढे केला आणि तसाच मागे घेतला. टेबलावर वाकून, इतरांना ऐकू जाऊ नये असं त्याने विचारलं, "ताई, एक इचारू? खरं सांगा. डोळं काढल्यावर तोंड कसं दिसतं? तुमच्या बापाचं तुमी बघितलं आसंल."

आईने पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"होतं तसंच दिसतं," मी म्हणाले. "झोपल्यासारखं. काही फरक पडत नाही. मी शेवटपर्यंत बघत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान वळवून त्याने मागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघितलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"मंग मी आठ वर्सं कशापायी बोललो नाय रं त्याच्याशी," तो म्हणाला. ते तो मला विचारत होता की स्वतःला, मला कळलं नाही. मी त्याचा अंगठा धरला, शाई लावली आणि कागदावर दाबला.